अंदमानचा वायू आणि पिंपाचा तळ

२६ सप्टेंबर २०२५ रोजी केंद्रीय पेट्रोलियम मंत्री हरदीपसिंग पुरी यांनी अंदमानच्या समुद्रात नैसर्गिक वायू आढळल्याचे जाहीर केले. अंदमानच्या पूर्व किनाऱ्यापासून सुमारे १७ किलोमीटरवर, २९५ मीटर खोल पाण्यात, ऑइल इंडियाने 'श्री विजयपुरम-२' ही विहीर खोदली होती. २२१२ ते २२५० मीटर खोलीच्या थरांची चाचणी घेतली तेव्हा तेथून येणारा वायू अधूनमधून पेटला. नमुने जहाजाने काकीनाड्याला नेऊन तपासले, तर त्यात ८७ टक्के मिथेन निघाला. बातमी एवढीच आहे आणि ती चांगली आहे. परंतु त्या रात्री चंद्रपूरहून माझ्या चुलतभावाचा निरोप आला : "ताई, आता सिलिंडर स्वस्त होणार ना?"

त्याला मी दोन ओळींत उत्तर दिले, पण समाधान त्याचेही झाले नाही नि माझेही नाही. म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

प्रथम सिलिंडर. आपल्या स्वयंपाकघरातील लाल टाकीत मिथेन नसतो. त्यात प्रामुख्याने प्रोपेन आणि ब्युटेन असतात. यामागे पदार्थविज्ञानाचे साधे कारण आहे. प्रत्येक वायूला एक क्रांतिक तापमान असते. त्याच्या वर कितीही दाब दिला तरी तो वायू द्रव होत नाही. प्रोपेनचे क्रांतिक तापमान सुमारे ९७ अंश सेल्सिअस आहे, ब्युटेनचे १५२. म्हणून चेन्नईच्या मे महिन्यातसुद्धा हे दोन्ही वायू मध्यम दाबाखाली द्रवरूपात टाकीत नांदतात. मिथेनचे क्रांतिक तापमान उणे ८२ अंश आहे. घरातल्या टाकीत तो कधीच द्रव होणार नाही. तो नळातून न्यावा लागतो, प्रचंड दाबाखाली वाहनाच्या टाकीत कोंबावा लागतो, किंवा उणे १६२ अंशांपर्यंत थंड करून जहाजात भरावा लागतो. असा थंडगार द्रव मिथेन उतरवून घेण्याचा पूर्व किनाऱ्यावरील पहिला तळ २०१९ मध्ये येथेच, चेन्नईच्या उत्तरेला एण्णोरला सुरू झाला. मुंबई हायच्या वायूत प्रोपेन-ब्युटेनही असतात आणि उरणच्या प्रकल्पात ते वेगळे काढले जातात, हे खरे. पण '८७ टक्के मिथेन' ही बातमी मुख्यतः नळाची आणि जहाजाची बातमी आहे, टाकीची नव्हे.

आता हा मिथेन आला कोठून? डायनोसॉरपासून तेल झाले, ही समजूत आपल्याकडे शाळेच्या दारापर्यंत पोहोचली आहे. तिचे खंडन करण्यासाठी महाराष्ट्राबाहेर जाण्याची गरज नाही. आपल्या सह्याद्रीचा काळा पत्थर साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखी उद्रेकांतून आला आणि डायनोसॉरही त्याच सुमारास नामशेष झाले. मुंबईच्या समुद्रातील तेलखोऱ्यात बऱ्याच ठिकाणी हाच बेसॉल्ट तळाशी आहे. ज्या गाळातून तेथील तेल प्रामुख्याने उपजले, तो पन्ना शैलसमूहाचा गाळ त्यानंतर साचला. म्हणजे १९७४ मध्ये 'सागर सम्राट'ने शोधलेले तेल तयार होऊ लागले तेव्हा डायनोसॉर आधीच इतिहासजमा झाले होते. त्या गाळात होते ते समुद्रातील सूक्ष्म जीव आणि किनाऱ्यालगतच्या वनस्पतींचे अवशेष.

मेलेले शैवाल सामान्यतः कुजते. प्राणवायू मिळाला की जिवाणू त्याचा फडशा पाडतात आणि कार्बन पुन्हा हवेत जातो. एखाद्या ठिकाणी मात्र तळाच्या चिखलात प्राणवायूच नसतो. तेथे कुजणे मंदावते, अवशेष गाळात दडपले जातात, वर थरावर थर चढतात. जमिनीत दर किलोमीटरला साधारण २५ ते ३० अंशांनी तापमान वाढते. दोन-चार किलोमीटर खोलीवर, ६० ते १२० अंशांच्या दरम्यान, त्या सेंद्रिय द्रव्याचे मोठमोठे रेणू तुटून तेल बनते. त्याहून अधिक तापले की तेलही तुटून वायू होतो. भूवैज्ञानिक या पट्ट्याला चक्क स्वयंपाकघर म्हणतात. उपमा चपखल आहे, फक्त हा स्वयंपाक फार मंद आचेवरचा आहे. चहाच्या पाण्याच्या आसपासचेच तापमान, पण वेळ लक्षावधी वर्षांचा.

मी वाढले चंद्रपुरात, जेथे अंगणात वाळत घातलेल्या कपड्यांवर कोळशाची धूळ बसे. तो कोळसा गोंडवन काळातला, पंचवीस कोटी वर्षांहून जुना, जमिनीवरच्या दलदलीतील वनस्पतींचा. तामिळनाडूत नैवेलीला खाण पाहिली तेव्हा प्रथम मला तो कोळसा वाटलाच नाही. तपकिरी, ओलसर, काही तुकड्यांत लाकडाच्या रेषा स्पष्ट दिसत होत्या. हा लिग्नाइट चंद्रपूरच्या कोळशापेक्षा कितीतरी तरुण आहे आणि त्याच्या वजनाचा जवळजवळ अर्धा भाग पाणीच असते. जाळताना उष्णतेचा एक हिस्सा ते पाणी उडवण्यातच खर्च होतो. थरांखालच्या भूजलाला इतका दाब आहे की खाण कोरडी ठेवण्यासाठी पंप अखंड चालवावे लागतात. एकच प्रक्रिया, पण भट्टीत कमी काळ राहिलेला जिन्नस असा निघतो.

मिथेनच्या बाबतीत आणखी एक गंमत आहे. उथळ, थंड गाळातले सूक्ष्मजीवही मिथेन बनवतात आणि खोल स्वयंपाकघरातही मिथेन बनतो. रसायनशास्त्राच्या दृष्टीने दोन्ही रेणू सारखेच. मग ओळखायचे कसे? निसर्गातील कार्बनपैकी सुमारे १.१ टक्का कार्बन-१३ असतो, बाकी जवळपास सारा कार्बन-१२. सूक्ष्मजीव हलक्या कार्बनला पसंती देतात. त्यामुळे त्यांच्या मिथेनमध्ये कार्बन-१३ लक्षणीय कमी भरतो. उष्णतेने तुटलेल्या रेणूंतील मिथेनमध्ये ही तूट कमी असते. म्हणजे एका लहानशा नमुन्याचे वस्तुमान अचूक मोजले, तर किलोमीटरभर खाली काय शिजले याचा अंदाज येतो. पदार्थविज्ञानाकडे नुकतेच वळलेल्या मुलामुलींना मी हे उदाहरण हटकून देते. अंदमानच्या बाबतीत मिथेनच्या टक्केवारीपेक्षा हाच आकडा मला अधिक बोलका वाटतो.

'सापडला' या शब्दाने डोळ्यांपुढे भूगर्भातील तळे येते. तसे तळे नसते. माझा प्रबंध सच्छिद्र माध्यमातून वाहणाऱ्या द्रवांवर होता, त्यामुळे येथे थोडा आग्रह धरते. तेल आणि वायू खडकाच्या कणांमधील सूक्ष्म पोकळ्यांत असतात. ओल्या विटेत पाणी असते तसे. वीट पिळून पाणी निघत नाही. दाब कमी केल्यावर काही भाग विहिरीकडे सरकतो. पृष्ठताणामुळे उरलेला चिकटून बसतो. तेलाच्या बाबतीत तर सरासरी एक-तृतीयांश बाहेर आले तरी क्षेत्र बरे मानतात. म्हणूनच एका विहिरीने आशा दिली की पुढे दुसरी, तिसरी विहीर खोदून साठ्याची व्याप्ती, खडकाची पारगम्यता आणि दाब तपासावे लागतात. मुंबई हाय १९७४ मध्ये सापडले आणि १९७६ मध्ये उत्पादन सुरू झाले. ती उथळ समुद्रातली कामगिरी होती. कृष्णा-गोदावरी खोऱ्यातील खोल समुद्रातला ९८/२ हा ब्लॉक ओएनजीसीकडे २००५ मध्ये आला आणि तेथून पहिले तेल निघाले ७ जानेवारी २०२४ रोजी. चुलतभावाचा मुलगा आज पहिलीत आहे. अंदमानचा वायू कोणाच्या शेगडीत पोहोचलाच, तर तोवर तो कदाचित अभियांत्रिकीला असेल.

तोपर्यंत आपण ८५ टक्क्यांहून अधिक कच्चे तेल आयात करतच राहणार आहोत. त्यातील काही चेन्नई बंदरात उतरते आणि नळातून मणलीला जाते. (हिमाचलातली मनाली नव्हे, ही उत्तर चेन्नईतली, जेथे रात्री शुद्धीकरण कारखान्याची ज्वाळा दुरून दिसते.) १९६५ मध्ये भारत सरकार, अमेरिकेची अमोको आणि इराणची राष्ट्रीय तेल कंपनी यांनी मिळून मद्रास रिफायनरीज स्थापन केली, १९६९ मध्ये ती सुरू झाली, तेव्हा क्षमता वर्षाला २५ लाख टन होती. आज चेन्नई पेट्रोलियम या नावाने ती १०५ लाख टन आहे. पण या शहराचा तेलाशी संबंध त्याहून जुना. २२ सप्टेंबर १९१४ च्या रात्री 'एम्डेन' या जर्मन युद्धनौकेने मद्रासवर शंभराहून अधिक तोफगोळे डागले आणि बर्मा ऑइल कंपनीच्या टाक्या पेटवल्या. तेव्हापासून तमिळमध्ये पक्क्या, बिलंदर माणसाला 'एम्डन' म्हणतात. आपल्या भाषेनेही त्या काळाची खूण जपली आहे : 'रॉकेल' म्हणजे मुळातले रॉक ऑइल, खडकाचे तेल.

शुद्धीकरण म्हणजे घाण काढणे, असा शब्दावरून समज होतो. मुख्य काम वर्गवारीचे आहे. कच्च्या तेलातले मीठ धुऊन ते साधारण ३५० अंशांपर्यंत तापवतात आणि एका उंच स्तंभात सोडतात. स्तंभ खाली गरम, वर थंड. प्रत्येक घटक वर चढताना आपल्या उकळबिंदूएवढे तापमान गाठले की द्रव होऊन आडव्या ताटांवर जमतो. माथ्यावरून वायू निघतो, त्याखाली नॅफ्था, त्याखाली रॉकेल आणि विमानाचे इंधन, मग डिझेल. याहून जास्त तापवले तर रेणू वेडेवाकडे तुटतात, म्हणून उरलेला गाळ दुसऱ्या स्तंभात निर्वात स्थितीत उकळतात. दाब कमी, म्हणून उकळबिंदूही कमी. डोंगरावर भात शिजायला वेळ लागतो, त्याच नियमाचा हा उपयोग. पुढे उत्प्रेरकावर मोठे रेणू तोडून पेट्रोल वाढवतात, हायड्रोजन देऊन गंधक काढतात. १ एप्रिल २०२० पासून भारतातल्या पेट्रोल-डिझेलमध्ये दहा लाख भागांत गंधकाचे जास्तीत जास्त १० भाग चालतात. आधी ५० होते. आपल्या देशाने शांतपणे केलेल्या मोठ्या तांत्रिक कामांपैकी हे एक आहे, आणि त्याबद्दल कोणी सहसा बोलत नाही.

असे मिळालेले एक लिटर पेट्रोल वजनाला पाऊण किलोहून किंचित कमी भरते, त्यात सुमारे ९ युनिट ऊर्जा असते. धडधाकट मजूर दिवसाचे आठ तास राबला तर अर्ध्या-पाऊण युनिटाएवढे काम करतो. म्हणजे ही त्याची पंधरवड्याची मेहनत. जेफ्री ड्यूक्स यांनी २००३ मध्ये मांडलेल्या हिशेबाप्रमाणे एका अमेरिकन गॅलन पेट्रोलमागे प्राचीन वनस्पतींचे सुमारे ९० टन द्रव्य लागले, म्हणजे लिटरमागे चोवीस टनांच्या आसपास. आणि ते जळते इंजिनात, काही मिलिसेकंदांत. पाऊण किलोतून २.३ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो, कारण हवेतला प्राणवायू त्यात मिळतो. त्या कार्बनचीही ओळख लपत नाही. जीवाश्म इंधनात कार्बन-१४ उरलेलाच नसतो, त्याचा अर्धायुकाल अवघा ५७३० वर्षांचा. हवेतील कार्बन-१४ चे प्रमाण या जुन्या कार्बनमुळे विरळ होत आहे, हे हान्स स्यूस यांनी १९५५ मध्येच वृक्षांच्या वलयांतून दाखवले होते.

मात्र माझे मन अधिक रेंगाळते ते स्तंभाच्या तळाशी. सगळे उपयुक्त, हलके घटक वर निघून गेल्यावर जे काळे, चिकट उरते, त्याचे डांबर होऊन रस्त्यांवर जाते आणि काही जहाजांचे जड इंधन होते. २८ जानेवारी २०१७ च्या पहाटे एण्णोरजवळ 'बीडब्ल्यू मेपल' आणि 'डॉन कांचीपुरम' या दोन जहाजांची टक्कर झाली आणि असेच जड इंधन समुद्रात सांडले. मी तेव्हा संशोधक विद्यार्थिनी होते; आमच्या वसतिगृहातले काही जण मदतीला गेले, त्यांत मीही. किनाऱ्यावर मच्छीमार आणि स्वयंसेवक बादल्यांनी तेल उपसत होते. देशभर त्या छायाचित्रांची टर उडवली गेली. परंतु ते तेल हातात घेतलेला माणूस हसणार नाही. हलके घटक उडून जातात, लाटांच्या घुसळणीने तेलात पाणी मिसळते, आकारमान वाढते आणि श्रीखंडासारखा घट्ट लगदा तयार होतो. तो नळीतून ओढला जात नाही. बादली हे तेथे चालणारे साधन होते. हातमोजे सर्वांना पुरले नाहीत, हा भाग वेगळा आणि अधिक लाजिरवाणा.

डिसेंबर २०२३ मध्ये मिचाँग वादळाच्या पुराबरोबर मणलीच्या औद्योगिक पट्ट्यातून तेल बकिंगहॅम कालव्यात आणि तेथून एण्णोरच्या खाडीत उतरले. राष्ट्रीय हरित लवादाने स्वतःहून दखल घेतली. होड्या, जाळी, तिवरे सारे काळे झाले. काही महिन्यांनी मी तेथे गेले, तेव्हा तिवरांच्या खोडांवर एकाच उंचीला काळी रेघ होती, पुराची पातळी दाखवणारी. त्या खाडीत काही बाया गुडघाभर चिखलात बसून हातांनी कोळंबी चाचपून पकडतात. त्यांतल्या एकीने, माझ्या मोडक्या तमिळला सांभाळून घेत, सांगितले की पाण्याला आता वास येत नाही, पण चिखलात हात घातला की अजून येतो.

असे होणे स्वाभाविक होते. पाण्यात प्राणवायू असतो, तेथे जिवाणूंनी तेलाचा बराच भाग संपवला. चिखलात काही मिलिमीटर खाली प्राणवायू नसतो, आणि तेथे तेल तसेच दडून राहते, वर नवा गाळ साचत जातो. कोळंबीही त्याच थरात राहते.