गंगापूरच्या बांधावरचा मेक्सिकन पाहुणा

छत्रपती संभाजीनगरहून अहिल्यानगरच्या रस्त्याने निघाले आणि वाळूजचे कारखाने मागे पडले, की गंगापूर तालुक्याची खरी शिवारे दिसू लागतात. दोन्ही अंगांना कपाशी, मका, तूर, मधूनच उसाचे हिरवे पट्टे. ढोरेगाव, भेंडाळा करीत रस्ता जुन्या कायगावला येतो आणि समोर गोदावरी उभी राहते. पलीकडे टोका. तिथे प्रवरा गोदावरीला मिळते. जायकवाडीचे धरण १९७६ साली पुरे झाले. तेव्हापासून नाथसागराचा फुगवटा थेट इथपर्यंत येतो. येणारा-जाणारा पुलावर थांबतो, काठावरच्या जुन्या दगडी देवळांना हात जोडतो, हिवाळा असेल तर पाण्यावरचे पक्षी पाहतो आणि पुढे जातो.

आज आपण याच वाटेने जाऊ, पण नजर जरा खाली ठेवून. श्रावण-भाद्रपदात बांधावरच्या, परसातल्या आणि नदीकाठच्या पानांवर एक वेगळीच यात्रा भरलेली असते. ती आहे भुंगेऱ्यांची. त्यातले पाने खाणारे भुंगेरे हे एक फार मोठे कुळ आहे. जगभरात त्यांच्या पस्तीस हजारांहून अधिक जातींना शास्त्रज्ञांनी आतापर्यंत नावे दिली आहेत आणि दरवर्षी त्यांत भर पडतेच आहे. एवढ्या नावांचे शेतकऱ्याला काय करायचे, असे कोणी विचारील. पण गंगापूरच्या शिवारात फिरताना कळते, की नाव चुकले तर औषध चुकते आणि औषध चुकले तर मित्रच मारला जातो.

परसातला लाल भुंगेरा

सुरुवात घरापासूनच करू. पावसाळ्यात दारापुढे भोपळा, दोडका, काकडी लावली, की दोन-चार पानांचे रोप होते न होते तोच त्यावर तांबूस-नारिंगी भुंगेरे उतरतात. पानांना गोल भोके पडतात आणि कोवळे रोप वाळून जाते. आपल्या आया-बहिणी सकाळी दव असताना पानांवर चुलीतली राख धुरळतात, ती यांच्यासाठीच. हा तांबडा भुंगेरा फक्त पानेच खातो असे नाही. त्याची अळी जमिनीत राहून वेलाची मुळे कुरतडते. म्हणून वेल निघून गेला की ती जागा खणून उन्हात तापू द्यावी, असे जाणकार सांगतात.

जुन्या पुस्तकांत याचे शास्त्रीय नाव रॅफिडोपाल्पा असे सापडते, तर नव्या पुस्तकांत ऑलॅकोफोरा. किडा तोच. शास्त्रज्ञांनी भाऊबंदकी पुन्हा तपासली आणि त्याला दुसऱ्या घरात नेऊन बसवले, एवढेच. शेताचा सातबारा दुरुस्त व्हावा, तसाच हा प्रकार आहे.

बेशरमीवरचे कासव

कायगावच्या बाजूला ओढ्यांच्या आणि पाटांच्या कडेला बेशरमीची झुडपे माजलेली दिसतात. जनावरे तिला तोंड लावत नाहीत. तिची पाने मात्र जागोजाग चाळणीसारखी झालेली असतात. पान उलटून पाहावे. पाठीवर पिवळसर ढाल, तिच्यावर काळे ठिपके आणि कासवासारखे डोके-पाय आत ओढून बसलेला एक किडा दिसेल. याला कासव भुंगेरा म्हणतात. याची पिले आपलीच टाकलेली कात आणि विष्ठा शेपटीवर धरून ठेवतात आणि तिचीच छत्री करून शत्रूला चुकवतात.

याच कुळातले काही भुंगेरे चक्क सोन्यासारखे चमकतात. पण किडा मेला की सोने उतरते आणि उरतो तो साधा तपकिरी रंग. त्यामुळे पेटीत टाचणीला लावलेल्या किड्यावरून त्याचे जिवंतपणीचे रूप ओळखता येत नाही. शोधणाऱ्याने तो रंग जागेवरच, त्याच वेळी लिहून ठेवावा लागतो.

बेशरम आणि रताळे ही एकाच कुळातली झाडे. म्हणून बेशरमीवरचा हा पाहुणा रताळ्याच्या वेलावरही जातो. कोणता किडा कोणत्या झाडावर जगतो हे लिहून ठेवणे म्हणूनच मोलाचे ठरते. पुण्याच्या मॉडर्न कॉलेजातले प्राणिशास्त्राचे प्राध्यापक हेमंत घाटे यांनी पोलंडचे अभ्यासक लेख बोरोविएच आणि इतर सहकाऱ्यांबरोबर पुणे परिसरातल्या कासव भुंगेऱ्यांची आणि त्यांच्या झाडांची अशी यादी २००३ साली प्रसिद्ध केली. त्यात नऊ नोंदी अशा होत्या, की तो किडा त्या झाडावर जगतो हे पूर्वी कोणी लिहिलेच नव्हते. पुण्यासारख्या शहरात ही स्थिती, तर आपल्या मराठवाड्याच्या ओढ्या-नाल्यांत अजून किती पाहण्यासारखे असेल!

नाव कसे ठरते

किड्याला नाव देणे म्हणजे बारसे करण्याइतके सोपे नाही. आधी किडा पकडायचा, टाचणीला लावायचा आणि त्याखाली चिठ्ठी घालायची. गाव, तारीख, झाड आणि पकडणाऱ्याचे नाव तिच्यावर हवे. चिठ्ठी नसलेला किडा म्हणजे पत्ता नसलेले पत्र. मग भिंगाखाली मिशा, पायांची पेरे, पंखांवरची टिंबे पाहायची. फारच सारख्या दिसणाऱ्या जातींत नराचे जननेंद्रिय उघडून पाहावे लागते. एवढे करून तो आधीच्या कोणत्याही वर्णनाशी जुळला नाही, तरच नवे नाव. ज्या नमुन्यावरून नाव दिले, तो पुढच्या अभ्यासकांसाठी कायम जपून ठेवतात.

भारतातल्या या भुंगेऱ्यांचे पहिले मोठे पुस्तक १९०८ साली निघाले. ते लिहिणारे मार्टिन जेकोबी हे पेशाने व्हायोलिनवादक. पुस्तक छापून येण्याआधीच, १९०७ साली ते वारले. त्यांचे काम पुढे नेले ते आपल्याच देशातल्या समरेंद्र मौलिक यांनी. १९१९, १९२६ आणि १९३६ असे त्यांचे तीन खंड निघाले. आजही या किड्यांचा अभ्यास करणाऱ्याला ही पुस्तके उघडावी लागतात.

गाजर गवतावरचा पाहुणा

आता लेखाच्या नावातला पाहुणा. गंगापूर तालुक्यात लासूर स्टेशनकडे जा, की गोदाकाठी जा, रस्त्याच्या कडेला गाजर गवत हटकून भेटते. कोणी त्याला काँग्रेस गवत म्हणतात. अंगाला खाज, कोणाला दमा आणि जनावराने खाल्ले तर दुधाला कडूपणा, असे त्याचे गुण. १९५५ साली पुण्यात त्याची नोंद झाली आणि पुढे ते देशभर पसरले. एकेका झाडाला हजारो बिया येतात, मग कोण पुरे पडणार?

इकडे हे गवत पसरत होते, त्याच सुमाराला तिकडे त्याच्या मूळ मुलखात एक गोष्ट घडली होती. १९४७ साली अमेरिकेतून एक पथक उत्तर मेक्सिकोत किडे गोळा करायला गेले. त्या गोळा केलेल्या किड्यांत एक पांढुरका, पंखांवर गडद नागमोडी रेघा असलेला लहानसा भुंगेरा होता. पॅलिस्टर नावाच्या अभ्यासकाने १९५३ साली त्याला नाव दिले, झायगोग्रामा बायकोलोराटा. तेव्हा त्याचा कोणाला काही उपयोग ठाऊक नव्हता. यादीत एक नाव वाढले, इतकेच. पुढे तीस वर्षांनी, १९८३ साली, हाच भुंगेरा मेक्सिकोतून बंगळुरूला आणला गेला. तो गाजर गवतावरच जगतो याची परीक्षा झाली आणि १९८४ साली त्याला मोकळे सोडले. परभणीच्या कृषी विद्यापीठानेही हे भुंगेरे वाढवून मराठवाड्यातल्या शेतकऱ्यांना दिले आहेत.

पण १९९० नंतर एक घोर लागला. बंगळुरूकडे काही ठिकाणी हे भुंगेरे सूर्यफुलाच्या पानांवर दिसले. सूर्यफूल आणि गाजर गवत एकाच कुळातली. त्यातून या भुंगेऱ्याचा एक सख्खा भाऊबंद अमेरिकेत सूर्यफुलाची नासाडी करतो. साहजिकच ओरड झाली आणि सरकारने चौकशी समिती नेमली. तपासात दिसले, की आपल्याकडचा भुंगेरा वेगळ्या जातीचा आहे. गाजर गवताचे पराग सूर्यफुलाच्या पानांवर पडले, की तो तिथे चाखून पाहतो, पण सूर्यफुलावर त्याची पिढी वाढत नाही. भाऊ-भाऊ दिसायला सारखे असले, तरी एकाच्या गुन्ह्याबद्दल दुसऱ्याला धरता येत नाही. जात ठरवण्याचे शास्त्र इथे कामी आले.

आपण काय करावे

हा भुंगेरा बोटाच्या पेराहूनही लहान, सुमारे सहा मिलिमीटर. पावसाळ्याच्या सुरुवातीला जमिनीतून वर येतो, गाजर गवताच्या पानांवर अंडी घालतो. अळ्या आणि मोठे भुंगेरे दोघेही पाने फस्त करतात. थंडी सुरू झाली, की तो पुन्हा जमिनीत जाऊन झोपतो आणि पुढच्या पावसाची वाट पाहतो. म्हणून गवतावर भुंगेरे दिसले, तर त्या तुकड्यावर औषध फवारू नये, तो जाळूही नये. भुंगेरे पुष्कळ असतील तर भोके पाडलेल्या डब्यात, थोड्या पानांसह, ते दुसऱ्या पडीक जागेवर नेऊन सोडावेत. मात्र सगळा भार त्याच्यावर टाकू नये. पाऊस संपला की त्याचे कामही थांबते. जिथे भुंगेरे नाहीत तिथे फुलावर येण्याआधीच, हातमोजे घालून गवत उपटावे. पडीक जागी तरोटा वाढू दिला तर तोही गाजर गवताला दाबतो.

आणखी एक खूण लक्षात ठेवावी. मावा खाणारा ढालकिडा हा आपला मित्र. त्याच्या मिशा आखूड आणि टोकाला जाडसर असतात. पाने खाणाऱ्या भुंगेऱ्यांच्या मिशा लांब, दोऱ्यासारख्या असतात. पण कुळ कळले म्हणजे स्वभाव कळला असे नाही. ढालकिड्याच्याच कुळातला एक जण वांग्याची पाने चाळतो आणि पाने खाणाऱ्या कुळातला मेक्सिकन पाहुणा आपले तण खातो. म्हणून किडा कोणता आणि बसला कोणत्या झाडावर, हे दोन्ही पाहावे.

ओळख पटली नाही तर किडा बाटलीत घालावा, सोबत झाडाचे एक पान ठेवावे आणि गाव, तारीख लिहून कृषी विज्ञान केंद्रात दाखवावा. फवाऱ्याचा पंप पाठीवर घेण्याआधी एवढा उशीर झाला, तरी चालेल.