वसंत आणि खमीर

वसंत ऋतूचे वर्णन करण्याची हौस आम्हां संस्कृत शिकलेल्या मंडळींस अंमळ जास्तच. आम्रमंजरी, कोकिल आणि मलयानिल एवढी सामग्री जमली की आमचे काम भागले! प्रत्यक्षात आमच्या हिंगोलीकडचा वसंत इतका सुकुमार नाही. कयाधूचे पात्र आटत चाललेले, माळावर पळस फुललेला, आणि वसमतेच्या बाजूस हळद शिजविण्याची व वाळविण्याची घाई. ह्या दिवसांत काव्य सुचण्यापेक्षा घाम येणेच अधिक स्वाभाविक.

आमच्या काव्यपरंपरेने वसंताकडे एक विचित्र कामगिरी सोपविली आहे. कुमारसंभवाच्या तिसऱ्या सर्गात तो मदनाचा सखा होऊन हिमालयावर अवतरतो, तोही अकाली. आणि हेतू काय, तर समाधिस्थ शंकराचे चित्त चाळवावे! म्हणजे वसंत हा तपाचा वैरीच ठरला. मुलांस संस्कृत शिकविताना ह्या कल्पनेविषयी आम्हांस कधी शंका आली नव्हती. ती आणून दिली आमच्या एका यहुदी स्नेह्यांनी.

हे गृहस्थ अलिबागच्या इस्राएल आळीतले, अध्यापक विद्यालयातील आमचे सहाध्यायी. वाचकांपैकी कोकणस्थांस बेने इस्राएल लोकांची ओळख करून देणे नको, इतरांसाठी सांगतो. हे शतकानुशतके कोकणात राहिलेले, मराठी बोलणारे यहुदी. गावांवरून दिवेकर, किहीमकर अशी त्यांची आडनावे. तेलाचे घाणे चालवीत आणि शनिवारी ते बंद ठेवीत, म्हणून लोक त्यांस ‘शनवार तेली’ म्हणत.

त्यांच्या धर्मात वसंत हा मुक्तीचा काळ होय. मिसर देशातील दास्यातून त्यांचे पूर्वज सुटले ते निसान महिन्यात. हा महिना पहिला मानावा आणि तो वसंतातच यावा, अशी धर्माज्ञा आहे. आता त्यांचे महिने पडले चांद्र. ते दरसाल मागे सरकणारच. म्हणून आपल्याप्रमाणे त्यांसही अधिक मास धरावा लागतो, १९ वर्षांत ७ वेळा. पूर्वी तर शेतातला जव पिकत आला की नाही हे पाहून धर्मसभा त्याचा निर्णय करीत असे. वसंत आपोआप येतो खरा, पण मुक्तीशी त्याची गाठ पडेल अशी तजवीज माणसानेच करावयाची, हे आम्हांस फार मोलाचे वाटले.

निसानच्या पौर्णिमेस, म्हणजे बहुधा आपल्या चैत्री पौर्णिमेच्या आसपास, त्यांचा वल्हांडण सण सुरू होतो. तत्पूर्वी घरातून खमीर, म्हणजे आंबून फुगलेले धान्य, कणभरही न ठेवता बाहेर काढावयाचे. आदल्या रात्री हाती दिवा घेऊन कानाकोपरा धुंडाळावयाचा. सणात खावयाची भाकर पीठ भिजल्यापासून १८ मिनिटांच्या आत भाजलेली असावी लागते. त्यांच्या धर्मज्ञांनी खमिरास अहंकाराची उपमा दिली आहे: पीठ तेच, केवळ फुगलेले! ‘गुरुजी, गुरुजी’ ऐकण्यात ज्यांचा जन्म गेला, त्या आम्हां निवृत्त शिक्षकांस ही उपमा जरा झोंबणारीच आहे.

कोकणातील यहुद्यांचा मूळ ग्रंथांशी संबंध मधल्या दीर्घ काळात तुटला होता. तरी ह्या दिवसांत आंबट द्रवाचे भांडे झाकून ठेवण्याची चाल त्यांनी सोडली नाही. सणाचे नावच ‘अनाशी धाकाचा सण’ पडले. कारण विसरले, पण झाकण विसरले नाहीत! पुढे १८४६ साली मुंबईस आणि १८७४ साली पुण्यास, सणाच्या रात्री वाचावयाची ‘हग्गादा’ मराठी भाषांतरासह छापली गेली, तेव्हा कारणही मायबोलीत हाती आले. आजीच्या सोवळ्याओवळ्यास हसणाऱ्या तरुणांनी हे अवश्य ध्यानात घ्यावे.

ह्या वाचनात कथेस आरंभ होतो तो वडिलांच्या उपदेशाने नव्हे, तर घरातील धाकट्या मुलाच्या प्रश्नाने. आजचे जेवण असे निराळे का, हे त्याने विचारावयाचे. मग वडिलांनी सांगावयाचे, आणि तेही पूर्वजांची जुनी हकीकत म्हणून नव्हे. जणू आपण स्वतःच दास्यातून सुटलो, अशा भावनेने. पानात कडू पाला असतो, जवळ खजुराचे गोड. आमच्याकडे पाडव्यास कडुनिंब आणि गूळ असतो तसेच. परंतु यंदा आमच्या नातीने ‘आधी कडू का?’ असे विचारले, तेव्हा चौदा माणसांच्या पंगतीतून तिला ‘मुकाट्याने खा’ एवढेच उत्तर मिळाले.

१९४८ साली इस्राएल राष्ट्र स्थापन झाले आणि पुढील काही दशकांत बहुतेक बेने इस्राएल कुटुंबे तिकडे गेली. आमच्या स्नेह्यांची मुलेही तिकडेच आहेत. पत्नी गतवर्षी निवर्तल्या. त्यांचे शास्त्र असे की, मूल नसल्यास प्रश्न पत्नीने विचारावा; कोणीच नसल्यास एकट्याने स्वतःस विचारावा. यंदा त्यांनी तो मोठ्याने, मराठीत, स्वतःस विचारला. ते लिहितात, ‘लहानपणी उत्तर पाठ होते. यंदा मात्र पुष्कळ वेळ लागला. मी कशातून सुटलो, हे मला खरोखरीच शोधावे लागले.’ पत्र वाचून आम्ही ते घरात कोणास दाखविले नाही. शंकराची समाधी मोडणारा तो वसंत आणि वृद्धास समाधीस बसविणारा हा वसंत, ह्यांत कोणता खरा, हे पाहत मात्र बसलो.

सणाच्या दुसऱ्या रात्रीपासून ते रोज एकेक दिवस मोजतात. असे ४९ दिवस मोजावयाचे आणि ५० व्या दिवशी सिनाय पर्वतावर धर्मशास्त्र मिळाल्याचा उत्सव करावयाचा. पुष्कळजण प्रत्येक दिवशी आपल्या स्वभावाचा एकेक कोपरा तपासतात. यंदा आम्हीही पंचांगाच्या कडेस पेन्सिलीने आकडे घालीत आहो. आमच्या सूनबाईंस ते दुधाचे हिशेब वाटतात.

एक शंका मात्र उरली आहे. यरुशलेमचे मंदिर उभे होते तेव्हा त्या ५० व्या दिवशी नव्या गव्हाच्या दोन भाकरी तेथे अर्पण होत, आणि त्या खमीर घातलेल्या असत! ज्यास दिवा घेऊन घराबाहेर घालविले, त्यासच सात आठवड्यांनी देवापुढे कसे नेले? आम्ही कार्ड टाकून हे विचारले आहे. उत्तर अद्याप आलेले नाही. आज मोजणीचा एकविसावा दिवस.