शरणपूरचा रस्ता

मनुष्याचा स्वभाव ओळखावयाचा असेल तर त्याचा ग्रंथसंग्रह पाहू नये, त्याचे मित्रही पाहू नयेत. तो घराला कुलूप कसे लावतो तेवढे पाहावे. कित्येक लोक कुलूप लावतात आणि चालू लागतात. आम्ही कुलूप लावतो, ओढतो, जिना उतरतो, अंगणातून परत येतो आणि पुन्हा ओढतो. गॅसच्या शेगडीचेही तसेच. ती बंद आहे हे डोळ्यांना दिसत असते, हाताला कळत असते. परंतु या दोन प्रामाणिक साक्षीदारांचा जबाब घेऊनही आमच्या मनातील न्यायाधीश निकाल म्हणून देत नाही. तो पुढची तारीख देतो.

या विकाराला आपल्या भाषेत मंत्रचळ असे नाव आहे. आम्ही मात्र पुष्कळ वर्षे त्याला सावधगिरी असे भारदस्त नाव देऊन चारचौघांत मिरवीत होतो. घरातील मंडळी हसत, आम्हीही हसत असू. ते हसू गेल्या पावसाळ्यात एके दिवशी मावळले. आमची सहा वर्षांची कन्या शाळेला निघताना दारातून मागे वळली, ओट्यापाशी जाऊन टाचा उंच केल्या आणि शेगडीची बटणे एक एक चाचपून पाहू लागली. "बाबा, मी दोनदा पाहिलं. आता तुम्ही एकदा पाहा," ती म्हणाली. आमच्या सौभाग्यवतींनी आमच्याकडे पाहिले. त्या काही बोलल्या असत्या तर बरे झाले असते.

त्या दिवशी आम्हांस नाशिकच्याच दुसऱ्या एका मुलीची आठवण झाली. गोदाकाठच्या जलालपूर गावी गोखल्यांच्या घरी १८६८ साली ती जन्मली. तीच पुढे लक्ष्मीबाई टिळक या नावाने महाराष्ट्राला परिचित झाली. 'स्मृतिचित्रे' ज्यांच्या घरी नाहीत असे आमचे वाचक थोडेच असतील. त्या ग्रंथाच्या आरंभीच तिच्या वडिलांचे, नानांचे, चित्र आहे. १८५७ च्या धामधुमीत तिच्या आजोबांना फाशी झाली आणि त्यानंतर नानांना सोवळ्याचे वेड लागले. बाजारातून आलेली जी वस्तू म्हणून धुता येण्याजोगी असेल ती धुतल्यावाचून घरात वापरावयाची नाही. कोणाची सावली, कोणाचा स्पर्श, कोठला शिंतोडा, याच्या धास्तीत साऱ्या घराचा दिवस जावयाचा. लक्ष्मीबाईंनी हे सारे इतक्या विनोदाने सांगितले आहे की वाचक खदखदा हसतो. आम्हीही पूर्वी हसलो होतो. या खेपेस पुस्तक पुन्हा उघडले तेव्हा हसण्याच्या जागी आम्हांस ती घरातील मुले दिसू लागली.

नानांचे सोवळे देवाच्या नावाने चाललेले होते. पाहणाऱ्याला वाटावे, काय ही निष्ठा! परंतु नीट पाहिले असता निष्ठेचा तेथे मागमूस नाही. तेथे आहे ते भय. ज्याचा देवावर भरवसा आहे तो एकदा हात धुतो आणि पानावर बसतो. ज्याचा भरवसा नाही त्याला गोदावरीचे सारे पाणी पुरत नाही. देवाचे नाव ओठांवर असूनही मनुष्य आपला सारा भार आपल्याच हातांवर टाकू शकतो, हे आम्हांस त्या वाचनाने प्रथम कळले. आम्ही कुलूप ओढीत होतो आणि नाना पाणी ओतीत होते, एवढाच काय तो फरक.

आता दुसरी गोष्ट. आमचा एक शाळासोबती आहे. त्याचे नाव आम्ही सांगणार नाही आणि ते का, हे पुढे आपोआप कळेल. जन्माने तो ख्रिस्ती. त्याचे घर शरणपूर रस्त्याला लागून आहे. आज त्या रस्त्यावर दुकाने, दवाखाने व वाहनांची गर्दी दिसते. परंतु त्याचे नाव ज्या वसाहतीवरून पडले ती चर्च मिशनरी सोसायटीने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास वसविली. शरण आलेल्यांचे गाव ते शरणपूर. अरबी समुद्रात गुलामांच्या गलबतांवरून सोडविलेली आफ्रिकेची मुले येथे आणून ठेवीत, त्यांना अक्षरओळख व सुतारकी-लोहारकी शिकवीत. डेव्हिड लिव्हिंग्स्टनचा देह आफ्रिकेतून १८७४ साली इंग्लंडास पोहोचला तेव्हा त्याच्या सोबत गेलेला जेकब वेनराइट हा नाशिकच्या याच शाळेत शिकलेला होता. बेड्या तुटलेल्या माणसांच्या त्या गावात आमचा मित्र वाढला, आणि तिशीच्या आतच त्याने आपल्या पायांत दुसरी बेडी घालून घेतली. तो दारू पिऊ लागला.

नाशिकात पिणाऱ्याला निमित्त शोधावे लागत नाही. द्राक्षांचा हा मुलूख. त्या द्राक्षांची वाइन करणारे कारखाने गेल्या पंचवीस वर्षांत येथे नावारूपास आले. परंतु मित्राने द्राक्षांना कधी दोष दिला नाही. तो दर ईस्टरला देवळात गुडघे टेकून शपथ घेई आणि पावसाळ्याच्या आत मोडी. पुढे एकदा तो आम्हांस म्हणाला, "अरे, मी शपथ घेत होतो ती माझ्याच जोरावर. देवाला मी फक्त साक्षीदार म्हणून बोलावत होतो." आमच्या मते हे एक वाक्य शंभर प्रवचनांच्या तोलाचे आहे. साक्षीदार कितीही थोर असला तरी तो कर्ज फेडीत नाही.

त्याचा मार्ग बदलला तो एका साध्या खोलीत. १९३५ साली अमेरिकेत, ओहायो संस्थानातील अॅक्रन या गावी, न्यूयॉर्कचा एक शेअरदलाल आणि तेथील एक शस्त्रवैद्य, दोघेही मद्याने पुरते गांजलेले, एकमेकांस भेटले. त्या भेटीतून 'अल्कोहोलिक्स अनॉनिमस' हा संघ निघाला. ऑक्सफर्ड ग्रुप नावाच्या ख्रिस्ती पंथाच्या सत्संगातून त्यांनी पुष्कळ घेतले आणि १९३९ साली आपल्या बारा पायऱ्या ग्रंथरूपाने छापल्या. पहिल्या तीन पायऱ्यांचा आशय असा: आपल्याने हे होत नाही हे कबूल करणे, आपल्याहून मोठी शक्ती ते करू शकेल असे मानणे, आणि आपले जीवित तिच्या हाती देण्याचा निश्चय करणे. सभासदांनी परस्परांची नावे बाहेर सांगू नयेत हा त्या संघाचा दंडक. आम्हीही तो येथे पाळीत आहो. आपल्या महाराष्ट्रात फादर ज्यो परेरा या कॅथलिक धर्मगुरूंनी, जे स्वतः त्याच वाटेने गेलेले, १९८१ साली वांद्र्याच्या माउंट कार्मेल चर्चच्या आश्रयाने 'कृपा' ही संस्था काढली आणि बारा पायऱ्यांना गुरुवर्य बी. के. एस. अय्यंगारांच्या योगाची जोड दिली. नाव किती नेमके ठेविले पाहा! जे कमावता येत नाही तेच कृपा.

कोणी म्हणेल, हा दुबळेपणाचा उपदेश झाला. सारे देवावर टाकून स्वस्थ बसावे की काय? आमच्या मित्राची दिनचर्या पाहिलेला मनुष्य असे म्हणणार नाही. दारू सोडताना तो प्रथम डॉक्टरांच्या देखरेखीखाली राहिला, कारण जुन्या पिणाऱ्याने एकाएकी सोडली तर जिवावर बेतू शकते. त्यात अविश्वास कसला? शुभवर्तमान लिहिणारा लूक हाही परंपरेने वैद्यच मानला जातो. नंतर रोज सभा, रोज प्रार्थना, ज्यांचे पैसे बुडविले त्यांच्या दारी खालमानेने जाणे. हे काय स्वस्थ बसणे झाले? भरवशाचे दुसरे, खोटे रूपही असते. खुद्द रेव्हरंड टिळकांच्या घरी देवावर हवाला टाकून पैसे वाटून टाकण्याचे काम टिळकांकडे असे, आणि उद्याच्या चुलीची काळजी लक्ष्मीबाईंकडे. त्या महात्म्याविषयी आमचा आदर अढळ आहे. तरी आपल्या भरवशाचा खर्च दुसऱ्याच्या जिवावर पडत नाही ना, एवढे प्रत्येकाने तपासावे हे बरे.

मित्राची मंडळी प्रॉटेस्टंट. तेथे प्रभुभोजनाच्या पेल्यात न आंबविलेला द्राक्षरस असतो. ही रीत रूढ होण्यास वेल्च नावाचा एक अमेरिकन दंतवैद्य कारण झाला. त्याने १८६९ साली द्राक्षरस न आंबू देता टिकविण्याची युक्ती शोधली, तीच मुळी प्रभुभोजनाकरिता. तरीसुद्धा पेला जवळ येतो तेव्हा आमच्या मित्राचा हात कापतो. "मग भरवसा कोठे राहिला?" आम्ही एकदा जरा खोचकपणेच विचारले. तो म्हणाला, "हात कापतो, तरी घेतो. भरवसा म्हणजे न कापणं असं तुला कोणी सांगितलं?"

आम्ही निरुत्तर झालो; आणि त्याच क्षणी आमच्या कुलपाचे मर्म आम्हांस उमगले. आम्हांस भरवसा नको होता, खात्री हवी होती. खात्री मिळाली की भरवसा ठेवू, असा आमचा सौदा होता. परंतु खात्री मिळाल्यावर भरवशाला करण्यासारखे काय उरते? आधुनिक मानसवैद्यही मंत्रचळावर हाच उपाय सांगतात: ज्याची धास्ती आहे त्याला सामोरे जा आणि पुन्हा तपासू नका, शंका शंकाच राहू द्या, ती हळूहळू आपोआप निवेल. इस्राएल लोकांना रानात मान्ना मिळे तो त्या दिवसापुरता. लोभाने दुसऱ्या दिवसाकरिता ठेवला की त्यात किडे पडत. ख्रिस्तानेही भाकर मागावयास शिकविले ती आजची. मित्राच्या सभेत तर उद्याविषयी कोणी बोलतच नाही. आजचा दिवस न पिता गेला, पुरे.

लक्ष्मीबाईंचेही असेच झाले. नानांचे सोवळे त्यांच्या अंगात पुरते भिनलेले. टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले. ताटातुटीनंतर त्या पुन्हा त्यांच्याजवळ राहावयास आल्या, तरी आपले सोवळे त्यांनी निराळे राखले. आणि मग ते गळून पडले. कोणी बळजबरी केली नाही. देवाने माणसामाणसांत हा भेद केला असेल काय, याचा विचार करता करता मनाची मूठ सैल झाली. त्यांनी बाप्तिस्मा घेतला तो त्यानंतर, १९०० साली. नानांच्या मुलीचा हात मोकळा झाला, ही गोष्ट आम्हांस त्या सबंध पुस्तकात आता सर्वांत मोठी वाटते.

ही कथा येथेच संपविता आली असती तर ती अधिक गोड झाली असती. परंतु साडेचार वर्षांनंतर, गेल्या मार्गशीर्षात, आमचा मित्र एका रात्री पुन्हा प्याला. सकाळी त्याचा फोन आला. आवाज ओळखू येत नव्हता. "आज सभेला जायचंय," तो म्हणाला. "पाय उचलत नाही. तू येतोस?"

त्याला काय सांगावे हे आम्हांस सुचेना. मोडलेली साडेचार वर्षे फुकट गेली असे तो म्हणाला असता तर आमच्यापाशी उत्तर नव्हते. पण तो तसे म्हणाला नाही. त्याने फक्त सोबत मागितली. आम्ही चपला घातल्या. घरात दुसरे कोणी नव्हते. कुलूप लावले, एकदा ओढले आणि जिना उतरलो. अंगणात पाय थबकले. छातीत धडधडू लागले. शेगडी? कुलूप? मागे वळावे तर दोन मिनिटांचे काम. पण आमच्या दोन मिनिटांची किंमत आम्हांस ठाऊक होती, आणि तिकडे एक मनुष्य उंबऱ्यावर उभा होता. "देवा, घर तुझ्या हवाली," एवढेच मनात म्हटले आणि चालू लागलो. म्हणताना विश्वास होता असे छातीवर हात ठेवून सांगवत नाही. पाय मात्र पुढे पडत होते.

आम्ही दोघे शरणपूर रस्त्याने फारसे न बोलता गेलो. तो खोलीत शिरला, मागच्या बाकावर बसला. आम्ही बाहेर लिंबाखाली थांबलो. तासाभराने तो बाहेर आला. "आजचा पहिला दिवस," तो म्हणाला. चहा घेऊन आम्ही त्याला घरी पोहोचविले.

कुलूप नीट लागले होते की नाही, हे दुपारी परत येईपर्यंत आम्हांस ठाऊक नव्हते. कन्या शाळेतून आली तेव्हा तिला हे सांगितले. तिने डोळे मोठे केले. "एकदाच ओढलंत?" "एकदाच." ती क्षणभर विचारात पडली आणि दप्तर टाकून खेळावयास गेली.