गजावरच्या दोन खाचा

ठासणीच्या बंदुकीला मागून काडतूस घालायची सोय नसते. जे काही घालायचं ते नळीच्या तोंडातून. आधी मापाने काळी दारू, तिच्यावर चिंध्यांचा किंवा काथ्याचा बोळा, मग छर्रे, ते सांडू नयेत म्हणून वर आणखी एक बोळा. हे सगळं लोखंडी गजाने तळापर्यंत दाबत न्यायचं. घोड्याखालच्या बोंडावर तांब्याची टोपी बसवली की बार तयार. एक बार भरायला मिनिटभर तरी लागतं, आणि तेवढ्यात रानडुक्कर पार दुसऱ्याच्या रानात पोचलेलं असतं.

आमच्या घरी अशी बंदूक होती. पाथर्डीपासून माणिकदौंडीच्या अंगाला आमची वस्ती, मागे गर्भगिरीचे डोंगर. बाजरी निसवली की पाखरं, भुईमूग भरला की डुकरं. पीक राखणीचा परवाना आबांच्या, म्हणजे माझ्या आजोबांच्या नावावर होता. बंदुकीला ते फार जपत असंही नाही. दस्ता एका बाजूला चिरलेला, त्याला तार गुंडाळलेली. पण गज मात्र ते दुसऱ्या कुणाला पुसूही देत नसत.

त्या गजावर कानशीने पाडलेल्या दोन खाचा होत्या. नळी रिकामी असताना गज तळाला टेकवला की नळीच्या तोंडाशी जी खाच येई ती पहिली. बार नीट भरून दाबल्यावर गज तेवढा वर राही. तेव्हा तोंडाशी येई ती दुसरी. दोन्हींत चार बोटांचं अंतर. एवढंच.

या चार बोटांत काय आहे ते आबांनी मला खळ्यावर बसून सांगितलं होतं. "बोळा दारूला चिकटून बसला पायजे. मधी मोकळी जागा ऱ्हायली की दारू पेटल्यावर धावत येऊन बोळ्यावर आदळती, आन् तिथंच नळी फाडती. गोळी म्हागं असू दे न्हाय तर छर्रा, मधी आडाकला की तो छर्रा नसतो, दगड असतो." पुढे पुस्तकांत वाचलं तेव्हाही तेच सापडलं, फक्त भाषा शहाण्यांची होती. दुसरी गोष्ट दाबण्याची. हलकं दाबलं तर बार कधी फुसका, कधी जोराचा. गज आपटून ठेचलं तर दारूच्या दाण्यांचा चुरा होतो आणि मग ती कशी जळेल याचा भरवसा नाही. हाताचा जोर दर वेळी सारखा लागला पाहिजे, आणि तो लागला की नाही हे खाच सांगते. राखण रात्रीची. कंदील लावला तर जनावर बिचकतं, म्हणून आबा अंधारातच बार भरत आणि अंगठ्याचं नख गजावरून सरकवत. नख खाचेत अडकलं, ती खाच नळीच्या तोंडाशी आहे असं बोटाला कळलं, की मगच टोपी.

शेजारच्या एका वस्तीवर असंच रात्री घाईत भरताना बोळा अर्ध्यात अडकला. गजावर खूण नव्हती. दाबलं जात नाही म्हणजे तळ लागला, असं त्या माणसाला वाटलं. नळी मधोमध केळीच्या सालीसारखी उलगडली. डाव्या हाताचा अंगठा आणि दोन बोटं गेली. तो पुढे आमच्याकडे चहाला येई तेव्हा बशी उजव्या हातात धरी, आणि आम्ही पोरं त्या हाताकडे बघायचं नाही असं ठरवून नेमकं तिकडेच बघत बसू.

तरीही तात्यांनी, म्हणजे माझ्या चुलत्यांनी, तिसरी खाच पाडलीच. एका साली डुकरांनी भुईमुगाचं अर्धं वावर उलथून टाकलं होतं. तात्यांचं म्हणणं, दारू वाढवल्याशिवाय डुक्कर ऐकायचं नाही. दारू वाढवली की गज आणखी वर राहणार, म्हणून खालच्या अंगाला नवी खाच. आबांनी ती नखानेच ओळखली. काही बोलले नाहीत. सकाळी गज घेऊन लोहाराकडे गेले, तेवढीच जागा तापवून ठोकून घेतली आणि परत आणून बंदुकीला लावली. तात्या दोन दिवस जेवायला वेगळे बसले. माझ्या मते भांडण डुकरांचं नव्हतंच; घरात माप कोण ठरवणार, याचं होतं. आबांच्या बाजूने इतकंच म्हणता येईल, की त्या नळीला वाढीव दारू पेलेल असं कुणी तपासून दिलेलं नव्हतं.

मग 1972 चा दुष्काळ आला. राखायला पीकच नव्हतं. माणसं खडी फोडायला आणि बांधबंदिस्तीच्या कामावर, आम्ही पोरं सुकडीच्या रांगेत. बंदूक आढ्याला टांगलेली राहिली. पुढच्या साली पाऊस झाला तेव्हा आबांनी ती खाली काढली. तात्या म्हणाले, "रिकामीच हाये, म्याच ठिवलीय." आबांनी गज सोडला. रिकाम्या नळीत गज टाकला की लोखंडावर लोखंड टण्णकन वाजतं. तेव्हा वाजलं ते 'थप्'. गज दुसऱ्या खाचेवर थांबला होता. वर्षभर आम्ही भरलेल्या नळीखाली झोपत होतो. आबांनी नळीत पाणी ओतून दारू मारली, गजाच्या टोकाला मळसूत्र लावून बोळे उपसले आणि छर्रे परातीत मोजले. तात्या तेवढा वेळ उंबऱ्यात उभे होते.

त्याच 1972 साली वन्यजीव संरक्षण कायदा झाला आणि डुकरावर मनाला येईल तेव्हा बार टाकायचे दिवस संपले. आबा नंतर छर्रे घालतच नसत. दारू, बोळा आणि आवाज. नुसत्या आवाजालाही बोळा दारूपर्यंत टेकलाच पाहिजे हे मात्र सोडलं नाही.

हे सगळं पुन्हा वर आलं ते टेक्सासमध्ये. 2022 साली भाच्याकडे दोन महिने राहिलो. तो इंजिनियर, आणि सुट्टीच्या दिवशी रायफलचा नाद. तिकडे वापरलेली पितळी काडतुसं घरी पुन्हा भरतात. गॅरेजात त्याचं टेबल होतं: दाबयंत्र, दारू तोलायचा काटा, कॅलिपर आणि एक वही. मला वाटलं होतं गोळी पितळेत बसवली की झालं. तर तो म्हणाला, "मामा, खरी गंमत ती किती खोल बसवायची यातच आहे."

त्याची रायफल .308 ची. नळीच्या आत पिळाचे आटे असतात, आणि गोळी काडतुसातून सुटून त्या आट्यांना भिडेपर्यंत थोडी उडी मारते. उडी किती, हे गोळी किती खोल बसवली त्यावर ठरतं. तो हे इंचाच्या हजाराव्या भागात मोजत होता. माणसाचा केस अशा तीनेक भागांइतका जाड. मोजतानाही गोळीच्या टोकावरून नाही, कारण टोकं सारखी नसतात. तिला पूर्ण जाडी जिथे येते तिथून. फार खोल दाबली तर आतली जागा कमी होते आणि दाब चढतो. फार बाहेर ठेवून आट्यांत घुसवली तरी दाब चढतो. शिवाय न उडवता काडतूस काढायला गेलं तर गोळी नळीत अडकून दारू सांडते. काडतूस लांब झालं तर मॅगझिनमध्ये मावतही नाही. म्हणजे दोन्हीकडे खड्डा आणि मधून पायवाट.

त्याने पाच-पाच काडतुसांचे गट केले होते, प्रत्येक गट आधीच्यापेक्षा तीन हजारांश खोल. शंभर यार्डांवर कागद लावला. एका कागदावरची पाच भोकं रुपयाच्या नाण्यात मावली, दुसऱ्यावर लिंबाएवढी जागा लागली. दारू तीच, गोळी तीच. मला वाटलं आता तो नाण्याचं माप धरणार. त्याने शेजारशेजारच्या तीन गटांचं मधलं माप निवडलं, जिथे थोडं इकडेतिकडे झालं तरी फार बिघडत नव्हतं. नळीचा घसा झिजतो, म्हणाला. आज नाण्यात बसणारं माप हजार गोळ्यांनी बसेलच असं नाही. पोरगं आमच्याच घरातलं, हे मला तेव्हा पटलं.

दारूशी गोळीचं अंतर किती, हा घोर जुनाच. 1826 च्या सुमारास देल्विन्य नावाच्या फ्रेंच अधिकाऱ्याने नळीच्या तळाशी दारूसाठी अरुंद कप्पा केला. गोळी त्याच्या काठावर अडे, आणि वरून गजाने ठोकून फुगवली की आट्यांत बसे. खालची दारू ठेचली जात नसे. आबांची खाच तीच खोली बाहेरून दाखवत होती.

मी भाच्याला त्या दोन खाचांचं सांगितलं. तो सावरून बसला. "अंतर किती होतं, मामा?"

"चार बोटं."

"कुणाची?"

आपल्याकडे हा प्रश्न कुणी विचारत नाही. काडतुसं पुण्याजवळच्या खडकीच्या कारखान्यातून येतात. 1869 पासून तो चालू आहे, आणि गोळी किती खोल बसवायची ते तिथेच ठरतं. आमच्या तालुक्यातली किती पोरं फौजेत गेली, हजारो गोळ्या झाडून आली. त्यांच्यापैकी कुणाला आपल्या काडतुसाची लांबी विचारून पाहा.

2020 साली दिवाळीच्या आधी पाथर्डी तालुक्यात बिबट्याने लहान लेकरं उचलून नेली. संध्याकाळी दारं लागायची. वस्तीवरची पोरं आली, "काका, बंदूक काढा." परवाना आता माझ्या नावावर. मी काढली नाही. एका बारानंतर मिनिटभर रिकामा राहणारा माणूस बिबट्यापुढे काय करणार, आणि अंधारात बिथरलेल्या दहा जणांच्या मध्ये ती नळी मला नको होती. वनखात्याचे पिंजरे लागले. पोरं माझ्यावर नाराज राहिली, अजून काही आहेत.

निवडणुका लागल्या की परवान्याची हत्यारं पोलीस ठाण्यात जमा करायची असतात. 2024 च्या लोकसभेला न्यायच्या आधी मी टेप लावून बघितलं. दोन खाचांत पावणेतीन इंच. भाच्याला कळवलं. ठाण्यातला शिपाई तरुण होता, ठासणीची बंदूक त्याने हातात धरलेली नसावी. उघडायला मागची कळ शोधत होता. "काका, रिकामी आहे ना? बघायचं कुठून?"

मी गज काढून नळीत सोडला. टण्ण वाजलं. खाच दाखवली, त्याचं नख तिच्यावरून फिरवून घेतलं. "आणि ही दुसरी कशाची?" त्याने विचारलं. मी सांगितलं. त्याने नोंदवहीत 'रिकामी' लिहिलं, पावती फाडली आणि गज उचलून पुन्हा एकदा नळीत सोडून पाहिला.