साखर पोचली का?

मलकापुरात सर्दी लांबली की दोष द्यायला कारणांची कमतरता नसते. हे कराडच्या दाराशी असलेलं मलकापूर. बुलढाण्याचं नव्हे, शाहूवाडीचंही नव्हे. पुणे-बंगळूर महामार्ग गावाच्या पोटातून जातो. उड्डाणपुलाच्या कामाची धूळ, उसाच्या हंगामात पेटवलेलं पाचट, कोयनेकाठचा पहाटेचा गारवा, रात्री खाल्लेलं दही, सगळ्यांची नावं माझ्या नाकाला लागली. आमच्या गॅलरीत रोज संध्याकाळी ओढल्या जाणाऱ्या सिगारेटीचं नाव कुणीच घेतलं नाही. घेणार तरी कसं? सिगारेट आबांची होती, म्हणजे माझ्या सासऱ्यांची, आणि ते ‘बाहेर’ ओढत. गॅलरीचं दार मात्र स्वयंपाकघरात उघडायचं.

दिवाळीत धरलेलं नाक होळीलाही मोकळं झालेलं नव्हतं. गालफाडं जड, घशात सतत काहीतरी उतरतंय, आणि वास पार गेलेला. दूध उतू गेलेलं मला शेगडीवर पसरल्यावर दिसायचं, वासानं कळायचं नाही. गुऱ्हाळावरून जाताना पोरं ‘काय वास सुटलाय!’ म्हणायची आणि मी उगीच मान हलवायची. शेवटी आबांना घेऊन कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे गेले. लक्षणं बारा आठवड्यांच्या वर टिकली की आजार जुनाट समजायचा, एवढं त्यांनी आधी सांगितलं. मग नाकात दुर्बीण घातली. आत सूज होती आणि एका बाजूला द्राक्षासारखा फिकट कोंब.

“घरात कोण ओढतं?” त्यांनी विचारलं.

मी बोलायच्या आत आबाच म्हणाले, “म्या वडतो. पन नाक हिचं धरलंय, माझं न्हाई.”

या उत्तरामुळे आमची दुपार तिथेच गेली. डॉक्टरांनी एक जुनी, पैशाला स्वस्त चाचणी सुचवली. सॅकरिनचा मिलिमीटरभर कण नाकात, आतल्या मांसल घडीच्या पुढच्या टोकापासून सेंटिमीटरभर आत ठेवायचा. मग गप बसायचं. शिंकायचं नाही, नाक ओढायचं नाही, काही खायचं नाही, अधूनमधून आवंढा गिळायचा आणि घशात गोड लागलं की सांगायचं. नाकाच्या अस्तरावर सूक्ष्म केस असतात, ते सेकंदाला दहा-पंधरा वेळा हलतात आणि वरचा शेंबडाचा थर मागे घशाकडे ढकलत राहतात. तो थर कणालाही घेऊन जातो. निरोगी नाकात साधारण वीस मिनिटांच्या आत गोडी येते. अर्धा तास उलटला तर केस मंदावले असं धरतात.

कण माझ्या नाकात ठेवला, आबांनी हट्टानं स्वतःच्या नाकातही ठेवून घेतला आणि शिकाऊ डॉक्टरीणबाईंनी गमतीनं स्वतःच्याही. बाईंना चहा येईपर्यंत गोड लागलं. मला बराच वेळ लागला. आबा भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बसलेले. अर्धा तास होऊन गेला.

“आबा, साखर पोचली का?”

“न्हाई गं. सारा जन्म ऊस घातला कारखान्याला, आन आता साखर लागंना!”

डॉक्टर हसले, पण निकाल त्यांनी सरळ लावला नाही, हे मला आवडलं. ‘तुमचं नाक आजारानंच मंदावलेलं असू शकतं, त्यामुळे तुमच्या चाचणीवरून धुराला जबाबदार धरता येणार नाही,’ ते मला म्हणाले. ‘आबांना मात्र नाकाची तक्रार नाही, तरी कण पोचत नाही.’

पुढचं त्यांनी कागदावर चित्र काढून सांगितलं. गालाच्या हाडात जी पोकळी असते तिचं तोंड तळाशी नसतं, वर असतं, जवळजवळ छताला. म्हणजे तिथला स्राव बाहेर पडायचा तर चढावर जायला हवा. कृष्णेचं पाणी माळावर चढवणाऱ्या उपसा योजनेतला पंप बंद पडावा, तसं ते केस थांबल्यावर होतं: स्राव तळाशी साचतो, सडतो. पूर्वी गालाच्या पोकळीला खाली, नाकाच्या तळाशी नवं भोक पाडून द्यायचे. तरी स्राव त्या भोकाला वळसा घालून वरच्या जुन्याच वाटेनं जायचा. ऑस्ट्रियातल्या ग्राझ शहरातल्या मेसरक्लिंगर या डॉक्टरांनी ही वाट बारकाईनं अभ्यासली आणि आजची दुर्बिणीची शस्त्रक्रिया त्यातून उभी राहिली. मूळचं तोंडच मोकळं करायचं, हे तिचं सूत्र.

मग धुराकडे आले. सिगारेटच्या धुरात सात हजारांवर रसायनं असतात. त्यातली ॲक्रोलिन, फॉर्माल्डिहाइड अशी पाण्यात विरघळणारी वाफ छातीपर्यंत जायची वाटच बघत नाही, वाटेतल्या ओल्या अस्तरात मुरते. केस मंदावतात. पुढे केसवाल्या पेशी कमी होतात आणि शेंबूड तयार करणाऱ्या वाढतात. पेशींमधून मीठ-पाणी बाहेर सोडणारी दारं नीट उघडत नाहीत, म्हणून तो शेंबूड घट्ट आणि चिकट. अस्तराच्या पेशींमधली सांधणी सैल होते, धोक्याचे रासायनिक निरोप सुटतात, रक्तातल्या पांढऱ्या पेशी धावून येतात आणि त्यांच्या येण्यानंच सूज वाढते. साचलेल्या शेंबडात जिवाणू थर करून बसले की गोळ्यांना लवकर दाद देत नाहीत. जळत्या टोकाचा धूर तर गाळणीतूनही आलेला नसतो, आणि शेजारी बसलेल्याच्या वाट्याला जास्त करून तोच. आबा नाकातून धूर सोडायचे. पोरं लहान असताना ते त्यांना कौतुकाचं वाटायचं. तोच धूर जाताना घसा, येताना नाक.

आपल्याकडे तंबाखू म्हटलं की तोंड आठवतं, फार तर छाती. त्याला कारणही आहे. 2016-17च्या पाहणीत महाराष्ट्रातले 26.6 टक्के प्रौढ तंबाखू घेणारे निघाले, पण ओढणारे 3.8 टक्केच. बाकी सगळं मिश्री, मळलेली चिमूट, पुडी. पाकिटावरची चित्रंसुद्धा तोंडाची नि घशाची. नाकाची सूज कुणाला भीतीदायक वाटणार? ती मारत नाही, नुसती जगण्यातली चव घालवते. वास नसला की आमटी म्हणजे गरम, खारट पाणी.

मला फवारा मिळाला, रोज मिठाच्या पाण्यानं नाक धुवायला सांगितलं. आमच्या मलकापुरात मीटर लावून चोवीस तास नळाला पाणी येतं आणि ती योजना बघायला लांबलांबून लोक येतात; तरी नाकात घालायचं ते उकळून गार केलेलंच, असा डॉक्टरांचा दम. काही आठवड्यांनी एका सकाळी फोडणीतल्या हिंगाचा वास पुसटसा आला नि गेला. कोंब अजून आहे. सूज उतरली नाही तर शस्त्रक्रिया करू, पण घरात धूर राहिला तर तिच्यानंतरही सूज परत धरायला वाव राहतो, असं ते आबांच्या देखत बोलले.

आबांनी त्या दिवशी सिगारेट टाकली, असं सांगायला मला आवडलं असतं. त्यांनी गॅलरी सोडली आणि गोठ्याकडे जायला लागले. पाकीट बंद करून सुटी आणायला लागले. सुट्या सिगारेट-विडीच्या विक्रीवर राज्यात 2020पासून बंदी आहे, हे टपरीवाल्यालाही ठाऊक आणि आबांनाही. सुटी घेतली की चित्र दिसत नाही आणि पाकिटावर छापलेला सोडण्यासाठीचा मोफत नंबरही दिसत नाही. म्हणून 1800-112-356 मी कॅलेंडरवर ठळक लिहून ठेवला. बोलले काही नाही. सुनेनं किती बोलावं यालाही मर्यादा आहे.

परवा दुपारी ते फोनवर मोठ्यानं बोलताना ऐकू आले. पलीकडून खोकला, दम, छातीतली कळ असं काहीबाही विचारत असावेत.

“न्हाई हो, छाती बरी हाय,” आबा वैतागून सांगत होते. “नाकाचं इचारतोय मी, नाकाचं!”