फी माफ झाली, पण गोळ्या बंद झाल्या



एरवी आपण इथे बीपी, शुगर, थायरॉईड, ॲसिडिटी यांवर बोलतो. आजचा विषय वरवर पाहता माझ्या कक्षेबाहेरचा वाटेल. पण तो माझ्या ओपीडीत स्वतःच्या पायांनी चालत आला, म्हणून लिहितोय.

दोन महिन्यांपूर्वी माझे एक जुने पेशंट आले. वय पंचावन्न, दोन एकर कोरडवाहू जमीन, जोडीला भाड्याचा छोटा टेम्पो चालवतात. नऊ वर्षं माझ्याकडे बीपी आणि शुगरचे उपचार घेताहेत. कधी एक डोस चुकवला नव्हता. त्या दिवशी बीपी 190/110 आलं. दहा मिनिटं शांत बसवून पुन्हा पाहिलं, तेवढंच. ईसीजीत हृदयाचा डावा कप्पा जाड होत असल्याची खूण होती.

"दादा, गोळ्या चालू आहेत ना?"

"आहेत की, डॉक्टरसाहेब."

शेजारी वहिनी बसल्या होत्या. त्या खाली बघत म्हणाल्या, "खोटं बोलू नका. तीन महिने झाले, बंद केल्यात. पोरीचं कॉलेज आहे म्हणून."

मी चकित झालो. मुलगी बी.फार्मसीला आहे आणि तिची फी माफ झाली आहे, हे मला त्यांनीच पेढे देऊन सांगितलं होतं.

"फी माफच आहे हो," दादा म्हणाले. "पण खोली, मेस, बस, जर्नलं, परीक्षेच्या वेळचं... ते कुठं माफ असतंय? माझ्या गोळ्यांचे महिन्याला आठ-नऊशे वाचतात. आणि मला काही होत तर नव्हतं."

"मला काही होत नव्हतं" हेच धोक्याचं

आधी डॉक्टर म्हणून सांगतो. बीपी वाढलं की डोकं दुखतं, चक्कर येते, हा समज चुकीचा आहे. बहुतेकांना काहीच होत नाही. रक्तवाहिन्या, मेंदू, किडनी, डोळ्याचा पडदा यांच्यावर मात्र रोज ताण पडत असतो. गोळी बंद केल्यावर त्रास झाला नाही, याचा अर्थ गोळीची गरज नव्हती असा होत नाही. ॲटेनोलॉल, मेटोप्रोलॉल अशा काही गोळ्या तर अचानक बंद केल्यास छातीत दुखणं, धडधड असा उलटा झटका बसू शकतो.

आणि हिशेब पाहा. महिन्याचे आठशे वाचवताना दादांना अर्धांगवायू झाला असता, तर पहिल्याच आठवड्यात मुलीच्या सगळ्या शिक्षणाचे पैसे दवाखान्यात गेले असते. टेम्पो कायमचा थांबला असता, तो वेगळाच.

हे सगळं मी त्यांना सांगितलं. ते ऐकून घेत होते. पण बोलताना माझ्या लक्षात आलं की हे सांगण्याचा माझा अधिकार जरा लंगडा आहे.

माझी फी कोणी भरली?

मी 1980 च्या दशकाच्या अखेरीस सरकारी मेडिकल कॉलेजात शिकलो. वर्षाची फी माझ्या मेसच्या दोन-तीन महिन्यांच्या बिलाहून कमी होती. वडील प्राथमिक शिक्षक. त्यांना कर्ज काढावं लागलं नाही, घर विकावं लागलं नाही. आम्ही म्हणायचो, "मेरिटवर मिळालं."

मेरिट होतंच. पण प्रयोगशाळा, प्राध्यापकांचे पगार, वॉर्डातली खाट, हे सगळं कोणीतरी भरत होतं. टेम्पोत डिझेल भरणारा, साबणाची वडी विकत घेणारा, एसटीचं तिकीट काढणारा प्रत्येक माणूस कर भरतो. दादा माझ्याच वयाचे. मी शवविच्छेदन शिकत होतो तेव्हा ते सातवीनंतर शाळा सोडून हमाली करत होते. माझ्या शिक्षणाचा एक छोटा हप्ता त्यांनीही भरला आहे.

हा विचार माझा नाही. 1882 साली महात्मा फुल्यांनी हंटर आयोगापुढे निवेदन दिलं, त्यात हाच मुद्दा होता: सरकारचा बहुतेक महसूल रयतेच्या कष्टातून येतो, आणि शिक्षणावरचा खर्च मात्र वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणाकडे वळतो. आधी खेड्यातल्या मुलांना प्राथमिक शाळा द्या, असा त्यांचा आग्रह होता. "उच्च शिक्षण सगळ्यांना मोफत द्या" असं कोणी म्हणालं की मला हे निवेदन आठवतं. मोफत जागेपर्यंत पोचतो कोण, हा प्रश्न आधी विचारायला हवा. आज नीटच्या क्लासला लाखो रुपये भरू शकणाऱ्या घरातला मुलगा सरकारी कॉलेजात स्वस्तात शिकतो, आणि ज्याला क्लास परवडत नाही तो महागड्या खासगी कॉलेजच्या दारात उभा राहतो.

मग ज्याचं त्याने भरावं का?

हेही मी जवळून पाहिलंय. 1980 च्या दशकात महाराष्ट्रात खासगी मेडिकल आणि इंजिनिअरिंग कॉलेजं झपाट्याने वाढली आणि "डोनेशन" हा शब्द घराघरात गेला. कर्नाटकात तेव्हा खासगी मेडिकलला सरकारी कोट्यातल्या मुलाला वर्षाला 2,000 रुपये, राज्यातल्या इतरांना 25,000 आणि बाहेरच्यांना 60,000 अशी फी ठरली होती. मेरठच्या मोहिनी जैन यांनी त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली आणि 1992 मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला. 1993 च्या उन्नीकृष्णन निकालात न्यायालयाने मधला मार्ग काढला: मोफत शिक्षणाचा हक्क 14 वर्षांपर्यंत, पुढचं राज्याच्या आर्थिक ताकदीप्रमाणे, खासगी कॉलेजात निम्म्या जागा कमी फीच्या, निम्म्या जास्त फीच्या. म्हणजे एकाची फी शेजारच्या बाकावरचा भरणार. 2002 मध्ये टी.एम.ए. पै खटल्यात ही योजनाही गेली.

माझी मुलगी खासगी मेडिकल कॉलेजात शिकली. मी आणि माझ्या बायकोने बचत मोडली, वर कर्ज काढलं. पास झाल्यावर मी तिला म्हटलं, "वर्षभर आपल्या तालुक्यात काम कर." ती म्हणाली, "बाबा, आधी हप्ते फेडू द्या." मला उत्तर सुचलं नाही. ती बरोबर होती.

मित्रांनो, हे तुम्ही पेशंट म्हणून लक्षात घ्या. डॉक्टरच्या शिक्षणाचे पैसे कधीच कोणी "भरत नाही" असं होत नाही. सरकारने भरले तर तुमच्या करातून जातात. पालकांनी भरले तर पुढे तपासणीच्या फीतून, ऑपरेशनच्या बिलातून आणि डॉक्टर तुमच्या गावाऐवजी मोठ्या शहरात गेल्यामुळे जातात. पहिल्या प्रकारात निदान डॉक्टरकडून काही मागण्याचा हक्क तुम्हाला राहतो. सरकारी कॉलेजातून एमबीबीएस झालेल्याने महाराष्ट्रात एक वर्ष सरकारी सेवा करायची, हा बाँड त्यासाठीच आहे. मी माझं वर्ष प्राथमिक आरोग्य केंद्रात काढलं. माझ्या काही वर्गमित्रांनी परदेशाचं विमान पकडलं. त्यांना नावं ठेवत नाही, कारण वर्ष संपल्यावर मीही तिथे एक दिवस जास्त थांबलो नाही.

मला काय वाटतं

सरसकट मोफत मला पटत नाही, आणि सरसकट "परवडत असेल तर शिका" हे त्याहून पटत नाही. ऑस्ट्रेलियात 1989 पासून एक पद्धत आहे. शिकताना पैसे मागत नाहीत. पुढे कमाई ठरावीक रकमेच्या वर गेली की करासोबत थोडं थोडं वळतं करतात. कमाई नसेल तर हप्ता नाही. असं काही आपल्याकडे असतं, तर माझ्यासारख्याकडून वसुली झाली असती आणि ती व्हायलाच हवी होती.

आणि फी माफ करणं म्हणजे शिक्षण मोफत करणं नव्हे. शाहू महाराजांना हे कळलं होतं, म्हणून त्यांनी कोल्हापुरात वसतिगृहांना बळ दिलं. भाऊराव पाटलांनीही मुलांच्या राहण्या-जेवणाची सोय करून "कमवा आणि शिका" हा मार्ग दाखवला. पोटाची आणि छपराची सोय नसेल, तर फीमाफीची पावती हातात घेऊन बाप गोळ्या बंद करतो.

तुमच्या घरी मूल शिकत असेल तर

1. महाराष्ट्रात 2024 पासून आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण व परीक्षा फी माफ आहे. प्रवर्गाच्या अटी आहेत आणि प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतूनच झालेला असावा लागतो. अर्ज महाडीबीटीवर भरायचा आणि दर वर्षी नूतनीकरण करायचं.

2. राहण्या-जेवणासाठी वेगळ्या योजना आहेत: पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता, स्वाधार, स्वयम्, सावित्रीबाई फुले आधार. आपल्याला कोणती लागू आहे ते कॉलेजच्या शिष्यवृत्ती विभागात विचारा. दादांनी यातल्या एकाचंही नाव ऐकलं नव्हतं.

3. औषध परवडत नसेल तर डॉक्टरला तसं स्पष्ट सांगा. यात लाज कसली? प्राथमिक आरोग्य केंद्रात बीपी-शुगरची साधी औषधं मोफत मिळतात, जनऔषधी केंद्रात खूप स्वस्त मिळतात. आम्हाला सांगितलंत तर आम्ही चिठ्ठी बदलू शकतो.

4. स्वतःच्या मनाने गोळी बंद करू नका, अर्धीही करू नका.

दादांची औषधं मी जेनेरिकमध्ये बदलली. आता महिन्याचा खर्च दोनशेच्या आत आला आहे. गेल्या आठवड्यात बीपी 138/86 होतं. हे मी नऊ वर्षांपूर्वीच करू शकलो असतो. त्यांनी कधी विचारलं नाही, आणि मीही कधी विचारलं नाही की दादा, परवडतंय का. आता प्रत्येक जुन्या पेशंटला विचारतो.

निभावतेच्या अर्जाचा कागद वहिनींनी मला दाखवायला आणला होता. उत्पन्नाचा दाखला तेवढा यायचा बाकी आहे.

काळजी घ्या. गोळ्या वेळेवर घ्या.