पौर्णिमेची ओहोटी

आपल्या घरांत भिंतीवरचे पंचांग पाहिले जाते ते अष्टमी-चतुर्दशीसाठी आणि मुहूर्तासाठी. छायाचित्रणाच्या छंदामुळे मला त्याचा आणखी एक उपयोग कळला. कोकणच्या खडकाळ किनाऱ्याचे चित्र टिपायचे असेल, तर आधी तिथी पाहावी लागते.

कोकणातले दर्यावर्दी भरतीची वेळ तोंडी हिशेबाने काढतात. तिथीच्या आकड्याची पाऊणपट करावी. येणारा आकडा म्हणजे स्थूलमानाने पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थीला ३, अष्टमीला ६, पौर्णिमेला सव्वाअकरा. भरती दररोज सुमारे ५० मिनिटे उशिरा येते, म्हणून हा पाऊणपटीचा मेळ बसतो. भरतीनंतर सहा तासांहून थोड्या अधिक वेळाने ओहोटी पूर्ण होते. याचा अर्थ, अष्टमीच्या सूर्यास्ताला खडक पाण्याखाली असतात आणि पौर्णिमेच्या सूर्यास्ताला उघडे. शिवाय पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाला पाणी जसे वर चढते, तसे खालीही दूरवर उतरते.

म्हणूनच मार्गशीर्षातली पौर्णिमा साधून मी आणि माझा मुलगा कोल्हापूरहून घाट उतरलो. कुडाळ, परुळे करीत भोगवे गाठले. वेंगुर्ले तालुक्यातल्या या भोगव्याच्या लांबलचक वाळूच्या दक्षिणेला निवतीच्या किल्ल्याची टेकडी समुद्रात शिरते. तिच्या आसपास कड्यांच्या कुशीत लहान लहान पुळणी दडलेल्या आहेत. त्यांतल्या एका पुळणीला गाडीरस्ता नाही. जांभ्याच्या सड्यावरून तासभर चालायचे, मग सुट्या दगडांवरून उतरायचे आणि शेवटी कड्याला बिलगून खडकांची एक चिंचोळी वाट पार करायची. ही शेवटची वाट ओहोटीलाच उघडते.

सड्यावरचे गवत वाळून सोनेरी झाले होते. दूर समुद्रात वेंगुर्ले रॉक्सचे खडक आणि त्यांवरचे दीपगृह दिसत होते. तिथल्या गुहांत पाकोळ्या घरटी करतात. कड्यावरून एक समुद्री गरुड, ज्याला इकडे काकण म्हणतात, पंख न हलवता तरंगत गेला.

निघण्यापूर्वी गावातल्या एका वयस्क मच्छीमाराला वाट विचारली होती. त्यांनी वाट सांगितली आणि वर एक अटही घातली. "शेटानू, आज पुनव. पाणी लांब जातला, पण परत पण तसाच येतला. वाटेच्या तोंडाक एक काळो दगड आसा. तेका पाणी लागला, की मागे फिरा. घड्याळ बघू नकात." मी आणि मुलाने तिथेच ठरवले, दगड भिजला की निघायचे.

पुळणीवर पोहोचलो तेव्हा साडेचार झाले होते. पाणी अजून ओसरत होते. खडकांवर कालवांच्या कडा पात्यासारख्या धारदार असतात. जाड तळव्याचे बूट तिथे अत्यावश्यक. डबक्यांत इवले मासे, खेकडे, फुलासारखे उमलणारे समुद्रजीव. पाऊल कुठे पडते ते पाहूनच पुढे सरकत होतो, आपल्यासाठी आणि त्यांच्यासाठीही. पाण्यावरची चकाकी काढणारा पोलरायझर फिल्टर लावला आणि डबक्याचा तळ आरशाइतका स्वच्छ दिसू लागला. फुटणारी लाट गोठवायला सेकंदाचा पाचशेवा भाग, आणि माघारी जाणाऱ्या पाण्याच्या रेषा टिपायला पूर्ण एक सेकंद. दर दोन-चार चित्रांनंतर भिंगावरचे खारे तुषार पुसावे लागत.

सूर्यास्तापूर्वी जेवण उरकण्याचा घरचा नियम, म्हणून साडेपाचला डबा सोडला. दशम्या, चटणी, वर पाणी. तोवर ओहोटी पुरी होऊन पाणी वळले होते, पण डोळ्यांना ते जाणवत नव्हते. याचेही गणित आहे. चढणाऱ्या पाण्याचे बारा भाग कल्पिले, तर पहिल्या तासात एक भाग चढतो, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या-चौथ्यात तीन-तीन. थकलेल्या व्याजासारखेच हे. आरंभी किरकोळ वाटते, आणि मग एकाएकी आवरत नाही.

सहा वाजून गेल्यावर सूर्य बुडाला. खरे रंग सूर्य बुडाल्यानंतर उमटतात. आकाश केशरी, मग जांभळे होत चालले. ओल्या खडकांत तेच रंग उतरले. मुलाने ट्रायपॉड हलवून नवी चौकट जुळवली. नेमक्या त्याच वेळी एक लाट काळ्या दगडाला लागली आणि ओसरली. मग दुसरी लागली.

"बाबा, फक्त दहा मिनिटे. वाट अजून कोरडी आहे."

वाट खरोखरच कोरडी होती, आणि चित्रही खरोखरच दुर्मीळ होते. पण ठरवले होते ते अशाच क्षणासाठी. समोर काही लोभ नसताना दिलेला शब्द लोभ उभा राहिल्यावर पाळायचा नसेल, तर तो द्यायचाच कशाला? मी एवढेच म्हणालो, "दगड भिजला." त्याने क्षणभर माझ्याकडे पाहिले आणि ट्रायपॉडचे पाय मिटले.

चिंचोळ्या वाटेच्या मध्यावरच्या खोलगट जागी पाणी नडगीपर्यंत आले होते. एकमेकांचा हात धरून आम्ही पलीकडे गेलो. सड्यावर चढून खाली पाहिले, तेव्हा त्या जागी दगड दिसत नव्हते, फेस दिसत होता. पूर्वेला चंद्र बराच वर आला होता. दोघेही काही न बोलता चालत राहिलो.

पुढच्या वर्षी त्याच पौर्णिमेला पुन्हा गेलो. पावसाळी लाटा पुळणीवरची वाळू ओढून नेतात आणि हिवाळ्यातला शांत समुद्र ती हळूहळू परत आणून टाकतो. मात्र दरवर्षी ती तितकीच परतते असे नाही. त्या वर्षी काळा दगड जवळजवळ पूर्ण वाळूत गाडला गेला होता. जुनी खूण उपयोगाची राहिली नव्हती. मुलाने बॅग खाली ठेवली, कॅमेरा बाहेर काढण्यापूर्वी वाटेच्या तोंडापर्यंत परत गेला, पाण्याची रेघ न्याहाळली आणि एका पिवळसर खडकावर हात ठेवून म्हणाला, "बाबा, या वर्षी हा."

आमच्या संग्रहात त्या किनाऱ्याची पुष्कळ चित्रे आहेत. पहिल्या वर्षीच्या त्या जांभळ्या आकाशाचे मात्र त्यांत नाही.